धाकटी बॅटरी

मोटारी बाळगणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. एक बॉनेट उघडणाऱ्यांचा आणि दुसरा, बॉनेट उघडणाऱ्याकडे पाहात बाजूला उभे राहणाऱ्यांचा. अस्मादिक पहिल्यापासून दुसऱ्या वर्गातले. सारा जन्म बँकेत दुसऱ्यांच्या शिलकीवर नजर ठेवण्यात गेला. स्वतःच्या मोटारीत काय शिल्लक आहे हे पाहण्याची सवय कधी लागलीच नाही. निवृत्त झाल्यावर हायब्रिड मोटार घेतली, तेव्हा तिच्याविषयी माझे ज्ञान एवढेच होते की, हिच्यात पेट्रोलचे इंजिन आहे, विजेची मोटर आहे, मागे कुठे तरी एक भली मोठी बॅटरी आहे, आणि या तिघांच्या एकोप्यामुळे पेट्रोल कमी लागते. एवढ्या भांडवलावर मी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत चार वर्षे व्याख्याने दिली. असली पहिली घाऊक मोटार, टोयोटाची प्रियस, १९९७ साली जपानात विक्रीला आली, हे तर मी इतक्यांदा सांगितले की आमचा पहारेकरीसुद्धा ते पाठ म्हणून दाखवी.

पण त्या मोटारीत आणखी एक बॅटरी असते, साधी, बारा व्होल्टची, हे मात्र मला गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला सकाळी सात वाजता कळले. आणि तेही शेजारच्या सात माणसांसमक्ष.

त्याचे असे झाले. दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवून ते रीतसर चिरडले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही उभयता मुलाकडे बंगळूरला गेलो. परतलो ते धनत्रयोदशीला, मुलगा-सून आणि नातवाला घेऊन. दिवाळीचे दिवस, बाजार पायी, पाहुणे घरी. मोटार जागची हलली नाही. पाडव्याच्या संध्याकाळी मात्र नातवाने हट्ट धरला, म्हणून त्याला घेऊन तिच्यात जाऊन बसलो. गाडी चालू कशाला करायची? नुसते बटण दाबले, दिवे लागले, गाणी लागली. चांगला तासभर आजोबा-नातवाचा जलसा झाला. पेट्रोलचा थेंब खर्च न होता करमणूक झाली, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझी थोरली बहीण वाईला असते. शाळेतून निवृत्त झाली, यजमान गेले, मुलगी परदेशी. कृष्णेच्या घाटाजवळच्या जुन्या घरात ताई एकटी राहते. दर भाऊबीजेला आम्ही सकाळी सातला निघायचे, दहाच्या आत वाई, ओवाळणी, जेवण, आणि उन्हं उतरायच्या आत परत, असा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. मी ऐटीत मोटारीपाशी गेलो, हँडलला हात लावला. दार उघडेना. किल्लीचे बटण दाबले. मोटारीने हूं की चूं केले नाही.

"अहो, त्या किल्लीच्या पोटात खरी किल्ली असते ना?" सौ. म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"गाडी ताब्यात घेतली तेव्हा त्या मुलानं सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा पेढे वाटत होतात."

किल्लीच्या पोटातून खरोखरच एक लोखंडी किल्ली निघाली. दार उघडले. आत बसून ब्रेकवर पाय दाबून चालू करण्याचे बटण दाबले. समोरच्या फळीवर दोनचार दिवे मिणमिणले, आत कुठे तरी टकटक असा आवाज झाला आणि सारे काही विझले.

आपल्याकडे मोटार बंद पडली की ती बातमी वर्तमानपत्राच्या आधी पोहोचते. पाच मिनिटांत सोसायटीतले सात पुरुष पार्किंगमध्ये जमले. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात कधी ना कधी अँबॅसडर नाही तर फियाट ढकललेली. "चला हो, धक्का मारू, दुसऱ्या गिअरला टाका!" असे म्हणत बाह्या सरसावून मंडळी मागे जाऊन उभीही राहिली. तेवढ्यात तळमजल्यावरचे नाना दारात आले आणि तिथूनच ओरडले, "खबरदार! हात लावू नका तिला."

नाना म्हणजे एस. टी.च्या डेपोत आयुष्यभर इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलेले गृहस्थ. वय पंचाहत्तरीच्या घरात. माझ्या व्याख्यानांना ते कधी कधी येऊन बसत आणि काही न बोलता उठून जात. त्याचा अर्थ मला त्या दिवशी समजला.

"हिला धक्का चालत नाही," नाना म्हणाले. "हिला तुमच्या फियाटसारखा क्लच नाही, गिअर नाहीत. चाकं आतून अडकवलेली आहेत, आणि ती सोडवायला वीज लागते. वीज आहे कुठं?"

"अहो पण नाना," मी अभ्यासू स्वरात म्हणालो, "हिच्यात एवढी मोठी बॅटरी आहे. मोटार तिच्यावर चालते, मग सुरू का होऊ नये?"

नानांनी माझ्याकडे पाहिले. मास्तर ढ मुलाकडे पाहतात तसे, म्हणजे रागाने नव्हे, काळजीने.

"ती मोठी बॅटरी पावणेदोनशे-दोनशे व्होल्टच्या घरातली. काही गाड्यांत त्याहून जास्त. माणूस दगावेल इतकी वीज. म्हणून गाडी बंद केली की तिला आतल्या खोलीत कोंडून कडी घालतात. ती कडी म्हणजे रिले. आणि ती कडी काढायची कुणी? बारा व्होल्टच्या धाकट्या बॅटरीनं. संगणक जागे करायचे तिनं, कुलपं उघडायची तिनं, कडी काढायची तिनं. एकदा कडी निघाली की मोठी इंजिनही फिरवते आणि उलट धाकटीला भरतेही. पण सकाळचं पहिलं दार उघडणारी धाकटीच. ती निजली तर थोरली आत उपाशी."

सौ. माझ्याकडे पाहून हसली. का हसली ते मी विचारले नाही. विवाहित वाचकांना विचारण्याची गरज नाही.

नाना आत जाऊन मीटर आणि लाल-काळ्या जाड तारांची जोडी घेऊन आले. काही हायब्रिड गाड्यांत ही धाकटी बॅटरी मागे डिकीत दडलेली असते आणि पुढे बॉनेटखाली तिचे नुसते एक टोक आणून ठेवलेले असते. काहींत ती पुढेच असते. आमची पुढे होती. नानांनी मीटर लावला. आकडा आला ९.८.

"पूर्ण भरलेली, स्वस्थ बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते," नाना सांगू लागले. "१२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे जेमतेम पाव. हिचा तर उपास चालू आहे. किती दिवस उभी होती?"

"दसऱ्यापासून."

"आणि मध्ये?"

कालच्या जलशाची हकीकत मी शक्य तेवढी थोडक्यात सांगितली. नानांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. मोटार बंद असली तरी तिचा भोंगा, किल्लीची चाहूल घेणारी यंत्रणा, घड्याळ ही मंडळी थोडी थोडी वीज खातच असतात. समजा ४० मिलीअँपिअर. दिवसाला झाला जवळजवळ १ अँपिअर-तास. तीन आठवड्यांत २१. आणि अशी बॅटरी सगळी मिळून असते ४०-४५ अँपिअर-तासांची, तीही नवी असताना. चार वर्षांची, पुण्याच्या उन्हाळ्यांत शिजलेली असेल तर त्याहून पुष्कळ कमी. वर तासभर गाणी. नुसते बटण दाबून गाणी लावली म्हणजे वीज खर्च होते, भर मुळीच पडत नाही. भर पडते ती समोर 'रेडी' अशी अक्षरे लागल्यावरच. मग इंजिनाचा आवाज येवो अगर न येवो. पेट्रोल वाचवले या आनंदात मी धाकटीच्या तोंडचा शेवटचा घास काढून घेतला होता.

बँकेत सारा जन्म काढलेल्या माणसाला हा हिशेब दुसऱ्याने करून दाखवावा! मी मान खाली घातली.

मग तारा जोडण्याचा विधी झाला. तो मी इथे क्रमाने देतो, कारण वाचकांपैकी कुणाच्या तरी दारात उद्या हा प्रसंग येणार आहे. समोरच्या कुलकर्ण्यांची साधी पेट्रोल मोटार शेजारी आणून, पण एकमेकींना टेकणार नाही अशी उभी केली. दोन्ही गाड्या बंद. लाल तारेचे एक टोक आमच्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे कुलकर्ण्यांच्या धन टोकाला. काळ्या तारेचे एक टोक कुलकर्ण्यांच्या ऋण टोकाला. आणि शेवटचे, चौथे टोक आमच्या बॅटरीला नव्हे, तर तिच्यापासून दूर, इंजिनाजवळच्या रंग नसलेल्या उघड्या लोखंडाला. का? तर शेवटचे टोक लावताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असू शकतो. ती दोघे एकत्र येऊ नयेत म्हणून. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील त्या थोरल्या बॅटरीच्या. त्यांना हात लावायचा नाही. आणि लाल-काळ्याची अदलाबदल तर स्वप्नातही करायची नाही. साध्या गाडीत ती चूक महाग पडते, हायब्रिडमध्ये महागाहून महाग. आपल्या गाडीच्या पुस्तकात ही टोके कुठे आहेत ते दाखवलेले असते; ते पान एकदा सवडीने पाहून ठेवावे, अंधारात बॅटरीच्या उजेडात शोधू नये.

कुलकर्ण्यांनी आपली गाडी चालू केली. पाचेक मिनिटे तशीच राहू दिली. "हं, आता ब्रेकवर पाय ठेवा आणि बटण दाबा," नाना म्हणाले.

मी दाबले. समोर दिवे लागले. पण इंजिनाचा आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. "छे! नाही झाली," असे म्हणून मी पुन्हा बटण दाबले. दिवे विझले.

नानांनी कपाळावर हात मारून घेतला. "झाली होती हो! 'रेडी' लागलं होतं. तुम्हीच बंद केलीत. अहो, चार वर्षं तुम्हीच आम्हाला सांगताय ना, गाडी बिनआवाजी आहे म्हणून?"

सात पुरुष हसले. कुलकर्णी सर्वांत जास्त. दुसऱ्या खेपेला 'रेडी' लागले आणि मी हात मांडीखाली घेऊन बसलो. तारा लावल्या त्याच्या उलट क्रमाने काढल्या. कुलकर्णी खुशीत म्हणाले, "आता आमची बंद पडली की तुमची उपयोगी पडेल." नानांनी मध्येच नकार दिला. साध्या गाडीच्या स्टार्टरला क्षणभर का होईना, शेकडो अँपिअर लागतात. हायब्रिडची धाकटी बॅटरी तसल्या कामाची नव्हे. ती संगणक जागे करण्यापुरती. तिने उपकार घ्यावेत, फेडायला जाऊ नये. कुलकर्ण्यांना काही हे पटलेले दिसले नाही. अजूनही ते मला पाहून 'उपकार' या शब्दाचा उल्लेख करतात.

निघायला अकरा वाजले. नानांनी आपला मीटर माझ्या हातात दिला.

"वाईपर्यंत धाकटी भरत जाईल. पण पोहोचल्यावर लगेच मीटर लावू नका. नुकतीच धावून आलेली बॅटरी खोटं बोलते. वरवर भरलेली दिसते. झोकात आकडा दाखवते. तो खरा नव्हे. रात्रभर तिला स्वस्थ राहू द्या. दार उघडलं की आतली यंत्रणा जागी होते, म्हणून बॉनेट रात्रीच नुसतं टेकवून ठेवा, किल्ली घरात लांब ठेवा, आणि सकाळी कुणी उठवायच्या आत मीटर लावा. तेव्हा जो आकडा येईल तो खरा."

"म्हणजे मुक्काम करायचा?"

"नाही तर रात्री खंबाटकीच्या घाटात चहाला थांबाल, आणि मला फोन कराल."

मुक्काम! ताईकडे मुक्काम केल्याला किती वर्षे झाली होती, ते मला आठवेना.

वाईला पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. ताई ओट्यावरच उभी होती. "आलास बाबा! मला वाटलं, यंदा चंद्रालाच ओवाळावं लागतंय." पाट मांडला, रांगोळी काढली, तबक आणले. मला कुंकवाचा नाम ओढला तो कपाळाच्या मध्यावर न येता डाव्या भुवईकडे गेला. आम्ही सारे हसलो. ताईही हसली. "हात थरथरतो रे आता," म्हणाली. सौ. मात्र हसली नाही, हे मला नंतर आठवले.

रोज रात्री आठ वाजता आमचा फोन होतो. "कशी आहेस?" "ठणठणीत!" गेली कित्येक वर्षे हाच सवाल आणि हाच जबाब. आवाज तर असा खणखणीत, की शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा तस्साच. वर्षातून एकदा चार तास यायचो, तेव्हाही ताई बोलत असायची, वाढत असायची, हसत असायची. चार तास सगळे झोकात.

त्या रात्री मी माजघरात निजलो होतो. एकदीडच्या सुमारास जाग आली. ताई स्वयंपाकघरात पाण्याला निघाली होती. दिवा चालू होता. पण ती भिंतीला तळवा लावून, एक एक पाऊल चाचपत चालली होती. माठावरचे भांडे घेताना तिची बोटे आधी त्याच्या शेजारी पडली, मग त्याच्यावर. पहाटे तिने दूध तापत ठेवले आणि पातेल्याकडे न पाहता कान देऊन उभी राहिली. दूध वर येताना ऐकून तिने गॅस बंद केला. रोजच्या सरावाने, अगदी वेळेवर.

सौ. माझ्या मागे येऊन उभी होती. हळूच म्हणाली, "वन्सं कालपासून माझं तोंड बघून बोलत नाहीत. आवाज बघून बोलतात."

सकाळी अंगणात जाऊन मी मीटर लावला. १२.१. अडीच तास धावून आलेली बॅटरी, काल लावला असता तर १२.८ म्हणाली असती आणि मी समाधानाने घरी गेलो असतो.

तसाच आत आलो आणि ताईसमोर बसलो. "ताई, तुला दिसत नाही."

"दिसतं की."

"किती?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "माणूस उजेडात उभं असलं की कळतं, कोण आहे ते. वर्षभर झालं असेल. तुला कशाला सांगायचं? तू दिवाळीचा एक दिवस येतोस, तो काय माझ्या डोळ्यांत घालवायचा?"

या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला लागले.

आम्ही परतलो ते तिला घेऊनच. मोटार निमूटपणे सुरू झाली. तेवढी शिल्लक तिच्यात होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला, पण बरा होणारा. मार्गशीर्षात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पुढे महिन्याभराने दुसऱ्याची. पट्टी काढल्यावर ताई प्रथम काय म्हणाली असेल? "अरे, तू केवढा म्हातारा झालास!"

धाकट्या बॅटरीचे म्हणाल तर नानांनी तिला रात्रभर चार्जरवर ठेवले, मग दिवसभर स्वस्थ ठेवून पाहिले. पुन्हा १२.२ वरच बसली. शिसे आणि आम्लाची बॅटरी, जी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रथम बनवली, तिचा स्वभाव अजून तोच आहे. तिला रिकाम्या पोटी फार दिवस ठेवले की आतल्या पत्र्यांवर गंधकयुक्त शिशाचे खडे धरतात आणि मग कितीही भरवले तरी अंगी लागत नाही. ती बदलली. नवी आणताना तशाच जातीची, तशाच मापाची, आणि डिकीत बसणारी असेल तर वायू बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेलीच घ्यावी, असे नानांचे सांगणे.

आता आमच्या घरी दर रविवारी सकाळी मीटर लागतो. शनिवारी रात्री बॉनेट टेकवून ठेवायचे, उठल्यावर आकडा पाहायचा आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचा. १२.४ च्या खाली आला की गाडी बाहेर काढून तास-दीड तास चांगली चालवून आणायची. 'रेडी' लागले असताना तोच मीटर १४ च्या आसपास दाखवतो. म्हणजे थोरली धाकटीला नीट भरवते आहे असे समजावे. तीन-चार वर्षे झाली की बॅटरी एकदा तपासून घ्यावी. गावाला जाण्याआधी शेजाऱ्याकडे किल्ली देऊन, आठवड्यातून एकदा 'रेडी' लावून तासभर उभी ठेवायला सांगावे. मात्र मोकळ्या हवेत, कारण मध्येच इंजिन आपण होऊन सुरू होते. आणि नातवासह गाणी ऐकायची तर घरात ऐकावीत.

ताई वाईला परत गेली. पुण्यात तिला करमेना. रात्री आठचा फोन अजून होतो. "ठणठणीत" हेच उत्तर अजून येते. पण त्या आकड्यावर मी आता विसंबत नाही. दीड-दोन महिन्यांतून एकदा आम्ही जातो, रात्री राहतो, आणि पहाटे ती दूध तापवताना पातेल्याकडे बघते की नाही, ते मी अंथरुणातूनच पाहून घेतो.

यंदाच्या भाऊबीजेला तीन दिवसांचा मुक्काम ठरला आहे. मोटारीची किल्ली नानांकडे राहणार नाही, कारण नानाच आमच्याबरोबर येणार आहेत. त्यांना वाईचा घाट पाहायचा आहे, आणि त्यांनाही तळमजल्यावर दिवाळीत ओवाळणारे कुणी नाही, हे मला इतक्या वर्षांनी, मीटर परत करायला गेलो तेव्हा कळले.